महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद

महाविद्यालयात पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींचे, विद्यापीठ कायद्यान्वये स्थापन होणारे मंडळ. विद्यार्थ्यांच्या हिताकडे लक्ष देणे, त्यांच्या अडचणी प्राचार्यांपुढे मांडणे आणि क्रीडा, कला व समाजसेवेचे उपक्रम चालविणे ही त्याची मुख्य कामे होत. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांचा, त्यांतही एकच शाखा व मोजके वर्ग असलेल्या लहान महाविद्यालयांचा विचार केला आहे.

या संस्थेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिल्यानुसार तिचे मूळ मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली निघालेल्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’त आहे. दादाभाई नौरोजी यांचा या मंडळाशी निकटचा संबंध होता, आणि मंडळातील तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढून तेथे सुरुवातीस विनावेतन शिकविले. मात्र हे मुळात निबंधवाचनाचे व ज्ञानप्रसाराचे मंडळ होते. सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारी प्रतिनिधिसभा असे त्याचे स्वरूप नव्हते. दुसरे मत परिषदेचा माग जिमखान्यापर्यंत नेते. जिमखाना हा शब्द इंग्रजांच्या रॅकेट-कोर्टाला हिंदुस्थानीत म्हणत त्या ‘गेंदखाना’वरून, ‘जिम्नॅस्टिक्स’च्या प्रभावाने बनला असावा, असे यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात सुचविले असून त्याचा सर्वांत जुना आढळ १८६१ साली रुडकी येथील दिला आहे. पुढे महाविद्यालयांतून खेळ, वाचनकक्ष व संमेलन यांसाठी विद्यार्थ्यांकडून घेतलेली वर्गणी जिमखान्याच्या नावाने जमा होऊ लागली, आणि तिच्या विनियोगात विद्यार्थी चिटणीसांना स्थान मिळाले. प्रतिनिधित्वापुरते पाहिल्यास हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण विद्यार्थ्यांनी दिलेल्या पैशाचा हिशेब विद्यार्थ्यांसमोर असावा ही अपेक्षा त्यातूनच आलेली दिसते. समाजकार्याची परंपरा मात्र पहिल्या मंडळाशी अधिक जुळते.

परिषदेसाठी विद्यार्थ्यांच्या मतदानाने होणाऱ्या राज्यातील थेट निवडणुका नेमक्या कधी थांबल्या याबद्दलही एकवाक्यता नाही. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, त्या घटनेपासून काही जण बंदी मोजतात. वृत्तपत्रीय लेखनात १९९३ हे सालही वारंवार येते. कायद्याच्या दृष्टीने १९९४ हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित होय, कारण १९७४ च्या वेगवेगळ्या विद्यापीठ कायद्यांची जागा घेणाऱ्या ‘महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४’ च्या कलम ४० ने परिषदेची रचनाच बदलली. प्राचार्य अध्यक्ष झाले. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेतील गुणवत्तेनुसार एक विद्यार्थी, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांतून प्रत्येकी एक आणि दोन विद्यार्थिनी, असे सदस्य प्राचार्यांनी नेमावयाचे ठरले. या विद्यार्थी सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडावयाचा, एवढेच मतदान उरले.

या तरतुदीचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही, आणि हा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. चाळीस वर्गांच्या महाविद्यालयात चाळीस गुणवंतांपुढे प्राचार्यांच्या पसंतीचे सहा सदस्य अल्पसंख्य ठरतात. केवळ तीन वर्गांच्या कला महाविद्यालयात मात्र वर्गांचे तीन आणि पसंतीचे सहा, असे एकूण नऊ विद्यार्थी होतात, आणि पाच मतांत सचिव, म्हणजे जी. एस. (जनरल सेक्रेटरी), ठरतो. म्हणजे जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो व खुली निवडणूक सर्वांत सोपी, तेथेच नेमणुकीचा भार सर्वांत अधिक पडला.

विद्यार्थी निवडणुकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या जे. एम. लिंगडोह समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. लहान आवार असलेल्या संस्थांत थेट निवडणूक व्हावी, वातावरण प्रतिकूल असेल तेथे नामनिर्देशन चालावे, परंतु पाच वर्षांत निवडणुकीकडे वळावे, असे समितीचे म्हणणे होते. उमेदवाराला ७५ टक्के उपस्थितीची अट, खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आणि छापील भित्तिपत्रकांना मनाई या तिच्या शिफारशी विशेष परिचित आहेत. ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६’ १ मार्च २०१७ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ९९ ने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व आळीपाळीने राखीव प्रवर्गांचा प्रतिनिधी यांची सर्व विद्यार्थ्यांनी, तर वर्ग प्रतिनिधीची त्या त्या वर्गाने निवड करण्याची पद्धत पुन्हा आणली. २०१९ मध्ये जाहीर झालेला निवडणूक कार्यक्रम मात्र पुढे ढकलला गेला. याच अधिनियमाने परिषदेच्या अध्यक्ष व सचिवांना महाविद्यालय विकास समितीचे सदस्यत्व दिले. अंदाजपत्रक ज्या बैठकीत चर्चिले जाते तेथे विद्यार्थी बसणे ही या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद मानावी लागेल, आणि परिषद रीतसर निवडली न गेल्यास तीच प्रथम दुबळी होते.

लहान महाविद्यालयातील परिषदेचे खरे काम कायद्याच्या भाषेत क्वचित उमटते. तालुक्याच्या गावी बहुतेक विद्यार्थी एस. टी.च्या सवलतीच्या पासावर येतात. त्यामुळे स्नेहसंमेलनाची वेळ शेवटच्या गाडीवरून ठरते, आणि संध्याकाळी मुलींना परतता यावे म्हणून बक्षीस समारंभ दुपारीच उरकणे हा एल. आर.च्या (महिला प्रतिनिधीच्या) आग्रहाचा विषय असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर कोणत्या कागदाअभावी अडकला, लेडीज रूमचा नळ का बंद आहे, अशा गोष्टी सी. आर. (वर्ग प्रतिनिधी) वहीत टिपून कार्यालयाच्या खिडकीपाशी नेतो. फिशपाँडची, म्हणजे एकमेकांविषयी लिहिलेल्या निनावी गमतीदार चिठ्ठ्यांची, पेटी उघडण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. संमेलनाच्या आदल्या दिवशी सचिव, एखादे प्राध्यापक व दोन-तीन सदस्य चिठ्ठ्या एकेक करून वाचतात. जात, रूप किंवा घरची परिस्थिती यांवर बोट ठेवणारी चिठ्ठी फाडून बाजूला ठेवली जाते. तीनशे जणांच्या आवारात नाव न लिहिलेली चिठ्ठीही कोणाविषयी आहे ते लगेच कळते, म्हणून ही निवड फार जपून करावी लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात एरवी मागच्या बाकावर बसणारी मुले स्वयंपाकाची व श्रमदानाची पाळी सांभाळतात, आणि पुढच्या वर्षीचा प्रतिनिधी कोण, हे पुष्कळदा तेथेच ठरून जाते.

परिषदेच्या बैठकांचे इतिवृत्त ठेवले जात असले तरी ते फारसे बाहेर येत नाही. वार्षिक नियतकालिकातील सचिवाचे मनोगत आणि खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभे विद्यार्थी व खाली ‘डावीकडून’ अशी नावांची ओळ असलेले समूहचित्र, एवढीच तिची छापील नोंद बहुधा उरते.