मिश्र डॉजबॉल लीगची नियमपुस्तिका: कुठली ओळ कशामुळे आली

डॉजबॉल म्हणजे चेंडू मारून समोरच्याला बाद करायचं आणि आपल्यावर आलेला चेंडू चुकवायचा किंवा झेलायचा, असा खेळ. मिश्र म्हणजे एकाच संघात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. हौशी मिश्र डॉजबॉल लीगची नियमपुस्तिका दोन-तीन पानांची असते. खेळ कसा खेळायचा ते पहिल्या चार ओळींत संपतं. बाकीचं सगळं मनाई हुकुमांनी भरलेलं. आपल्या उजवीकडचे तीनच चेंडू उचला. खांद्याच्या वर मारू नका. सगळे चेंडू दाबून बसू नका. नव्याने आलेल्या खेळाडूला हे जाचक वाटतं, पण यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठल्या तरी जुन्या भांडणाची किंवा दुखापतीची पावती आहे. आणि भांडणांपेक्षाही जास्त नियम लिहिले ते चेंडूने. चेंडू कशाचा आहे हे बदलत गेलं, तसा खेळ बदलला आणि तो खेळणारी माणसंही बदलली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शाळांसाठी आणि मैदानांसाठी खेळांचे संग्रह निघत होते. जेसी बँक्रॉफ्ट यांच्या १९०९ च्या संग्रहात डॉजबॉल आहे, पण आजच्या खेळाडूला तो ओळखू येणार नाही. अर्धे खेळाडू वर्तुळ करून उभे राहायचे, उरलेले आत. बाहेरचे एकच चेंडू, तोही बास्केटबॉल, आतल्यांवर फेकायचे. ज्याला लागला तो आतून निघून वर्तुळात सामील व्हायचा आणि आता तोच फेकायला लागायचा. मधली रेषा नाही, दोन बाजू नाहीत आणि मुख्य म्हणजे बाकावर बसणं नाही.

हाच धागा जपानने वेगळ्या तऱ्हेने पुढे नेला. तिथल्या शालेय डॉजबॉलमध्ये आजही एकच चेंडू असतो, संघात १२ जण कोर्टवर असतात, आणि बाद झालेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टाबाहेर उभा राहून मागून मारा करत राहतो. अमेरिकन शाळांच्या जिममध्ये मात्र दुसरंच रूप रुजलं: मध्ये रेषा, दोन्हीकडे संघ, एकाच वेळी अनेक चेंडू, आणि लागला की भिंतीपाशी जाऊन बसा. लाल रबराचा साडेआठ इंची, म्हणजे सुमारे २१.६ सेंटिमीटर व्यासाचा, मैदानी चेंडू हे त्या काळाचं चिन्ह. तो उघड्या मांडीवर बसला की वळ उठायचा.

या रूपावर शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातूनच टीका सुरू झाली. नील विल्यम्स या प्राध्यापकांनी १९९२ मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकात शालेय खेळांची एक 'शरमेची यादी' छापली, तीत डॉजबॉल होता. आक्षेप नेमका होता. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद होतो आणि उरलेला वेळ बघत बसतो. शिवाय खेळातलं लक्ष्य माणूस असतं. अमेरिकेतल्या क्रीडा-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये डॉजबॉल शालेय तासाला योग्य नाही अशी भूमिका घेतली, आणि २०१७ मध्ये शेप अमेरिका या नव्या नावाने तीच पुन्हा मांडली. गंमत अशी, की शाळेतून हा खेळ हद्दपार होत होता, त्याच सुमारास संध्याकाळी त्याच जिम भाड्याने घेऊन प्रौढ लोक तो हौसेने खेळू लागले.

प्रौढांना तो परवडला तो फोममुळे. आत फोम आणि वरून पातळ रबरी साल असलेला चेंडू अंगावर बसला तर आवाज येतो, वळ येत नाही. पण चेंडू मऊ झाल्याचा परिणाम दुखण्यापुरता राहिला नाही. रबराचा चेंडू छातीवर आदळला की लांब उडतो. फोमचा तिथेच मरतो आणि पुढ्यात पडतो, त्यामुळे तो पोटाशी कवटाळून झेलता येतो. फोम बोटांनी दाबून धरता येतो, त्यामुळे लहान हाताच्या खेळाडूलाही एका हाताने जोरात फेकता येतो. रबराचा चेंडू हातात मावत नसेल, तर तो तळहातावर ठेवून ढकलल्यासारखा फेकावा लागतो आणि हाताच्या मापाचा फरक थेट वेगात उतरतो. मिश्र लीग चालायच्या तर हा फरक कमी होणं गरजेचं होतं. रबरावर खेळणाऱ्या लीग अजून आहेत, आणि तिथे हवेचा दाब हा कायमचा वादाचा मुद्दा. थोडी हवा कमी ठेवली की चेंडू चिमटीत धरून जास्त जोराने मारता येतो. गच्च भरला की झेल हातातून निसटतात. म्हणून रबराच्या लीगमध्ये चेंडू लीगचेच असावेत आणि दर सामन्याआधी पंचाने दाबून पाहावेत. फोमच्या चेंडूचं दुखणं निराळं: साल फाटली की तो हवेत हेलकावे खातो, आणि फाटकी कड नखात अडकते. असा चेंडू डावातून काढायचा. चिकटपट्टी लावली तर तेवढ्यावर पकड चांगली बसते आणि नवा वाद सुरू होतो.

लिखित नियमांचा एक महत्त्वाचा उगम इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गच्या उद्यान विभागाशी जोडलेला आहे. नॅशनल अमॅच्युअर डॉजबॉल असोसिएशन तिथूनच चालायची, आणि आज असंख्य हौशी लीगच्या पुस्तिकांत तिच्याच वाक्यांच्या नकला सापडतात. संघात ६ ते १० जण, कोर्टवर ६. चेंडू ६. कोर्ट ६० बाय ३० फूट. ५ मिनिटांचा खेळ, बरोबरी राहिली तर १ मिनिटाचा निर्णायक डाव. २००४ मध्ये हॉलिवूडने या खेळावर विनोदी चित्रपट काढला आणि हौशी लीगना एकदम गर्दी मिळाली. नियम तयार होते, ते उचलले गेले.

६० बाय ३० फूट हे माप आकाशातून पडलेलं नाही. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर असतं, म्हणजे जवळपास तेवढंच. व्हॉलीबॉलची हल्ला-रेषा मध्यापासून ३ मीटरवर असते आणि डॉजबॉलची १० फुटांवर. थोडक्यात, जिमच्या जमिनीवर आधीच रंगवलेल्या रेषा फुकटात वापरता येतात. फक्त जाळं काढायचं आणि खांबांच्या खाचांवर झाकणं बसली आहेत का ते पाहायचं. मागे सरकत चेंडू चुकवणाऱ्याचा पाय अशाच खाचेत मुरगळतो. बाजूच्या रेषांपलीकडे भिंत लगेच असेल तर लीगने हद्द आत ओढून नवी पट्टी मारावी, कारण चकवताना खेळाडू आडवाच पळतो.

आता सुरुवातीचा क्षण जवळून पाहू. सहा चेंडू मधल्या रेषेवर मांडलेले, बारा जण आपापल्या मागच्या रेषेवर. शिट्टी होते आणि दोन्हीकडचे लोक पूर्ण वेगाने समोरासमोर धावत येतात, नजर जमिनीवर, डोकं खाली. सगळे चेंडू सगळ्यांचे असतील, तर मधल्या रेषेवर दोन माणसं एकाच चेंडूसाठी वाकतात आणि कपाळावर कपाळ आपटतं. मुका मार, फुटलेली भुवई, बोटांवर पडलेला बूट, हे सगळं खेळाच्या पहिल्या तीन सेकंदांत. म्हणून तीन-तीनचा नियम आला: मधल्या खुणेच्या आपल्या उजवीकडचे तीनच चेंडू आपले. समोरच्याचे तीन त्याच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे. दोघं एका चेंडूवर झडप घालतच नाहीत. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा: उचललेला चेंडू हल्ला-रेषेच्या मागे नेल्याशिवाय मारता येत नाही. नाहीतर जो आधी पोचला तो अजून वाकलेल्या माणसाच्या तोंडावर हातभर अंतरावरून मारतो. काही लीग रोमांचासाठी मधले दोन चेंडू सगळ्यांना खुले ठेवतात. उंची-वजनात खूप फरक असलेल्या मिश्र लीगमध्ये हा शौक करू नये.

डोक्याचा नियम वाचायला सोपा आणि राबवायला अवघड. मूळ नियमात खांद्याखाली लागलेला चेंडूच धरतात. मग लोक मुद्दाम डोकं पुढे करू लागले किंवा चेंडू येताना खाली वाकू लागले, कारण डोक्याला लागलं की आपण वाचतो. त्यामुळे बऱ्याच लीगनी दोन जोड दिले: सरळ उभ्या माणसाच्या डोक्यावर मारलं तर मारणारा बाद, आणि वाकल्यामुळे किंवा खाली बसल्यामुळे डोक्याला लागलं तर लागलेलाच बाद. भांडण होतं ते मधल्या अवस्थेवर, म्हणजे गुडघे थोडे वाकवून तयारीत उभ्या असलेल्यावर. चेंडू सुटला त्या क्षणी तो ज्या उंचीवर होता ती त्याची उंची, असं पुस्तिकेत लिहून ठेवलेलं बरं.

झेल घेतला की फेकणारा बाद, हे सगळीकडे. झेल घेणाऱ्याचा एक गडी परत आत, हे बहुतेक लीगमध्ये. या दुसऱ्या नियमाने 'बाकावर बसून राहण्याच्या' जुन्या आक्षेपाला बऱ्यापैकी उत्तर दिलं. पण त्यासाठी बाद झालेल्यांनी बाजूच्या रेषेला रांगेत, बाद झाल्याच्या क्रमाने उभं राहावं लागतं, आणि पहिला बाद तो पहिला आत. रांग मोडली की चांगला नेमबाज पुढे घुसतो आणि पहिल्या फेरीत बाद झालेली व्यक्ती पाच मिनिटं तिथेच. मिश्र लीगमध्ये ही रांग पंचाने खरोखर पाहिली पाहिजे.

वेळकाढूपणावरचा नियम मला या सगळ्यांत हुशार वाटतो. आघाडीवर असलेला संघ चेंडू जमवतो आणि गप्प उभा राहतो, घड्याळ त्याच्या बाजूने पळतं. शॉमबर्गच्या नियमांनी यावर साधी अट घातली: आघाडीवर असलेल्या संघाकडे सहाही चेंडू ५ सेकंदांपेक्षा जास्त राहिले की नियमभंग, आणि बरोबरीतही तेच. पळवाट उघड होती. पाच चेंडू ठेवायचे आणि एक पलीकडे लोळवायचा. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत जास्त चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्यावरच फेकण्याचा भार टाकला गेला. सहा चेंडूंत तीन-तीन झाले की भार कुणाचा हा प्रश्न उरतो. कापडी चेंडूच्या प्रकारात पाच चेंडू असतात, आणि पाचांची सारखी वाटणी होऊच शकत नाही. हौशी लीगला पंचाने मोठ्याने दहा मोजावेत एवढं पुरतं, पण आकडे ऐकू गेले पाहिजेत. जिममधल्या गोंगाटात हात वर करून बोटांनी मोजणं जास्त कामाला येतं.

पंच एक आणि हवेत चेंडू चार, तर कुणाच्या सदऱ्याला काय घासून गेलं हे त्याला दिसणार कसं? म्हणून मूळ नियमांतच लिहिलं होतं, की बाद झालो का याचा निकाल प्रथम खेळाडूनेच द्यायचा. कोर्टवरचा देखरेख करणारा फक्त एकमत न झाल्यास बोलतो आणि त्याचा शब्द शेवटचा. रडीचा डाव खेळणारे कुठेही भेटतात, पण प्रामाणिकपणे चुकणारे जास्त असतात. फोमचा चेंडू सैल टी-शर्टला लागलेला अंगाला जाणवतच नाही. कपडे हे अंगच, हे पुस्तिकेत स्पष्ट हवं. केसांबद्दलही एक वाक्य घालावं.

उरला 'मिश्र' हा शब्द. अमेरिकेत १९७५ च्या शासकीय नियमांनी शाळांतले शारीरिक शिक्षणाचे तास मुलामुलींना एकत्र केले. कुस्ती, मुष्टियुद्ध, रग्बी, आइस हॉकी, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि त्यांसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ तेवढे वेगळे घेण्याची मुभा ठेवली. डॉजबॉलचं नाव त्या यादीत नव्हतं. प्रौढांच्या हौशी लीगमध्ये मिश्र सॉफ्टबॉल आणि मिश्र व्हॉलीबॉलचा सराव आधीच होता, आणि त्या खेळांनी संख्येपलीकडचे उपाय शोधले होते. मिश्र व्हॉलीबॉलमध्ये संघाने चेंडू एकाहून जास्त वेळा खेळला तर त्यात एक स्पर्श महिलेचा असावा लागतो. डॉजबॉलला हे उसनं घेता आलं नाही, कारण इथे पाळी नसते. सहा चेंडूंवर सहा जण एकदमच तुटून पडतात. त्यामुळे नियम संख्येपुरता राहिला: सहात किमान दोन महिला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मिश्र गटात तीन-तीन.

हे प्रमाण डाव सुरू होताना मोजतात, मध्ये नाही. एक खेळाडू कमी पडला तर दुसऱ्या लिंगाच्या खेळाडूने भरून काढता येत नाही, पाच जणांनी खेळायचं. ही अट कडक वाटते, पण ती सैल केली की तिसऱ्या आठवड्यापर्यंत संघ पाच पुरुष आणि एक महिला असे येऊ लागतात. संख्या पाळूनही एक दोष राहतोच: चार-दोनच्या संघात चेंडू चौघांकडेच फिरतात आणि दोघी मागच्या रेषेवर नुसत्या चुकवत उभ्या राहतात. यावर नियम फारसा चालत नाही. तीन-तीनचं प्रमाण चालतं, आणि सुरुवातीच्या धावेत कोण कुठला चेंडू उचलणार हे संघाने आधी वाटून घेणं चालतं. अलीकडे बऱ्याच पुस्तिकांत 'किमान दोन महिला' ऐवजी 'एकाच लिंगाचे जास्तीत जास्त चार' असं वाक्य दिसतं. आकडा तोच राहतो, पण स्वतःला दोन्ही रकान्यांत न धरणाऱ्या खेळाडूला त्यामुळे कोर्टवर जागा मिळते.