पेंग देहुआई : लूशानच्या पत्रामागचा इतिहास

चीनचे संरक्षणमंत्री मार्शल पेंग देहुआई यांची कारकीर्द १९५९च्या जुलैत लूशान या डोंगरी ठिकाणी भरलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या परिषदेत लिहिलेल्या एका पत्रामुळे संपली. ते पत्र समजून घ्यायचे, तर आधी त्यांचे बालपण पाहावे लागते.

पेंग यांचा जन्म १८९८ साली हुनान प्रांतातील श्यांगतान या, माओ त्सेतुंग यांच्याच तालुक्यातील गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी गुरे राखली, कोळशाच्या खाणीत आणि पुढे तुंगतिंग सरोवराच्या बांधावर मजुरी केली, आणि १९१६ मध्ये ते साधे शिपाई म्हणून प्रांतिक सैन्यात भरती झाले. १९२८ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले आणि त्याच वर्षी हुनानमधील पिंगच्यांग येथे सैनिकांचा उठाव त्यांनी केला. लाँग मार्च, म्हणजे कम्युनिस्ट फौजांची १९३४-३५ मधील लांब पल्ल्याची माघार, आणि जपानविरोधी युद्ध या दोन्हींत ते आघाडीवर होते. ऑक्टोबर १९५० मध्ये, दुसरे सेनानी लिन बियाओ यांनी आजारपणाचे कारण सांगून नकार दिल्यावर, कोरियातील चिनी फौजांची सूत्रे पेंग यांच्याकडे आली. तेथे त्यांच्याच मुख्यालयावर झालेल्या हवाई हल्ल्यात माओंचा थोरला मुलगा आनयिंग मारला गेला. १९५४ मध्ये पेंग संरक्षणमंत्री झाले आणि पुढल्याच वर्षी देशाच्या दहा मार्शलांत त्यांची गणना झाली.

१९५८ मध्ये ‘मोठी झेप’, म्हणजे शेती आणि पोलादाचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची माओंची मोहीम, सुरू झाली. त्या वर्षाच्या अखेरीस पेंग हुनानमध्ये आपल्या गावी गेले, तेव्हा घराघरातली लोखंडी भांडी पोलादासाठी भट्ट्यांत वितळवली गेली होती आणि माणसे भट्ट्यांवर जुंपल्याने हाताशी आलेले पीक शेतात पडून होते. वर कळवलेले उत्पादनाचे आकडे आणि शेतातली स्थिती यांचा मेळ बसत नव्हता. ज्याने स्वतः उपासमार भोगली होती, त्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, आणि माझ्या मते पत्राचे खरे मूळ येथेच आहे.

१४ जुलै १९५९ रोजी त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. त्यात यशाचा गौरवही होता. मात्र फुगवलेल्या आकड्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या उतावीळपणावर स्पष्ट बोट ठेवले होते. माओंनी ते छापून परिषदेत वाटले आणि २३ जुलैच्या भाषणात त्यावर कडाडून टीका केली. पेंग यांना पक्षविरोधी गटाचे म्होरके ठरवण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी लिन बियाओ आले. १९६२ मध्ये भारताशी युद्ध झाले, तेव्हा चीनचे संरक्षणमंत्री तेच होते. याहून गंभीर परिणाम खेड्यांना भोगावा लागला. लूशाननंतर ‘उजव्या प्रवृत्तीं’विरुद्ध, म्हणजे धोरणावर शंका घेणाऱ्यांविरुद्ध, नवी मोहीम उघडल्यामुळे खरे आकडे कळवण्यास कोणी धजेना, धोरण आवरते घेण्याची संधी हुकली आणि दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली.

१९६५ मध्ये पेंग यांना सिचुआनमध्ये दुय्यम कामावर पाठवण्यात आले. पुढल्याच वर्षी सांस्कृतिक क्रांतीतील रेड गार्डांनी, म्हणजे माओनिष्ठ तरुणांच्या पथकांनी, त्यांना पकडून बीजिंगला नेले. वारंवार मारहाण आणि चौकशा सोसून नोव्हेंबर १९७४ मध्ये नजरकैदेतच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पक्षाने त्यांच्यावरील ठपका डिसेंबर १९७८ मध्ये पुसला. माओंच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षे उलटली होती.