हिरड्यांतून रक्त येतंय: नुसती सूज की हाड झिजतंय?

चूळ भरताना फेसात रक्त दिसलं की बहुतेक जण ब्रश बदलतात, नाहीतर मिठाच्या गुळण्या सुरू करतात. पण हे रक्त दोन निरनिराळ्या आजारांचं असू शकतं. एक जिंजिव्हायटिस, म्हणजे हिरड्यांची सूज. दुसरा पेरिओडॉन्टायटिस, ज्यात हिरडीखालचं दाताला धरून ठेवणारं हाडच झिजत जातं. आरशात दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

सूज पूर्ण बरी होते. 1965 साली हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या मंडळींना मुद्दाम दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडा-दहा दिवसांत पूर्ववत झाल्या. कारण एकच, दातांवर साचलेला जंतूंचा चिकट थर.

पेरिओडॉन्टायटिस मात्र मागे फिरत नाही. तो थांबवता येतो, पण गेलेलं हाड बहुतांशी गेलेलंच राहतं. प्रत्येक सूज तिथवर पोचते असं नाही. तंबाखू आणि ताब्यात नसलेला मधुमेह असला की धोका वाढतो. आणि दुखत नाही, हीच यातली खरी अडचण. दात हलायला लागल्यावर माणूस दवाखाना गाठतो, तोवर बरंच हाड गेलेलं असतं.

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे-घणसोलीत साताऱ्याकडून आलेली पुष्कळ माथाडी कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या कित्येक मावश्या-आज्या अजून सकाळी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात. "मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात, रक्तसुद्धा येत नाही," असं त्या खात्रीने सांगतात. रक्त कमी येत असेलही, पण तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त येणं दबू शकतं आणि आजार आत चालूच राहतो. म्हणून रक्त नाही म्हणजे आजार नाही, असं मिश्री, तंबाखू किंवा सिगारेटवाल्यांनी अजिबात धरू नये.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर बारीक खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत (हिलाच पॉकेट म्हणतात) अलगद सरकवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. शेजारी सहायक लिहून घेत असते: "दोन, तीन, दोन... पाच." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आलं तर शंका घ्यायची. सुजून वर आलेल्या हिरडीमुळेही आकडा फुगतो, म्हणून हाडाची पातळी बघायला एक्स-रे लागतो. हे मोजमाप न करता कुणी नुसतं "पायोरिया आहे" म्हणालं, तर जरूर विचारा: पॉकेट किती मिलिमीटर आहेत?

सुजेला स्केलिंग, म्हणजे मशीनने दातांवरचं किटण काढणं, आणि नीट ब्रशिंग सहसा पुरतं. स्केलिंगने दात सैल होतात हा समज ठाण्यात काय नि पनवेलात काय, सगळीकडे ऐकू येतो. मशीन दात सैल करत नाही. किटणाने झाकलेली फट उघडी पडते आणि हाड आधीच गेलं होतं हे कळतं, एवढंच. पेरिओडॉन्टायटिसमध्ये हिरडीखाली मुळांपर्यंत सफाई करतात, खोल पॉकेट उरली तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उचलून आतली सफाई. नंतरही साधारण दर तीन-चार महिन्यांनी तपासणी लागते. खर्चाची चिंता असेल तर नेरूळ, खारघर, कामोठे इथल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत चौकशी करा.

मधुमेहाशी नातं दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांतल्या सततच्या दाहामुळे साखर आवरणं कठीण होतं. पेरिओडॉन्टायटिसवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी 0.4 टक्क्याच्या आसपास उतरतं, असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. हृदयविकाराशीही संबंध आढळतो, पण हिरड्यांमुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्या नावाने कुणाला घाबरवू नये. मधुमेही माणसाने मात्र डोळे आणि पाय तपासतो तसे वर्षातून एकदा पॉकेटही मोजून घ्यावेत, आणि जाताना एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा.