पेनड्राइव्हवरचं हलकं लिनक्स

पेनड्राइव्हवरचं हलकं लिनक्स म्हणजे हार्डडिस्कला हातही न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालू होणारी, आणि आपल्याला लागतं तेवढंच ठेवून बाकी सगळं काढून टाकलेली लिनक्स सिस्टीम. पेनड्राइव्ह लावायचा, कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूतून तो निवडायचा (एफ१२, एफ९, एस्केप, कंपनीगणिक की वेगळी) आणि थोड्या वेळात डेस्कटॉप समोर. तयार लाइव्ह आयएसओ (अख्खी सिस्टीम भरलेली एकच फाइल) नेटवर ढिगानं मिळतात, पण ते सगळ्या जगासाठी बनवलेले असतात, त्यामुळे त्यात कधी न लागणाऱ्या भाषा, गेम्स, प्रिंटरचे ड्रायव्हर असं बरंच काही असतं आणि आपल्याला हवा तो मराठी कीबोर्ड मात्र स्वतःलाच बसवावा लागतो.

ही कल्पना जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोडला, आणि २००० साली क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स आणून सीडीवरून पूर्ण डेस्कटॉप चालतो हे लोकांना दाखवलं. मग बॅरी कॉलर यांचं पपी लिनक्स २००३ मध्ये आलं, डॅम स्मॉल लिनक्सनं तर ५० एमबीची मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती. टायनीकोअर अजून लहान, डेस्कटॉपसकट २५ एमबीच्या आसपास.

गोव्यात याचा उपयोग कुठे, तर पहिलं नाव शाळांच्या लॅबचं. वाळपई, सांगे, काणकोणकडच्या शाळा असोत की घरोघरी कपाटात पडलेले विद्यार्थ्यांना मिळालेले, सरकारच्या सायबरएज योजनेतले जुने कॉम्प्युटर, मशीन धडधाकट असतं पण विंडोज चालवायला रडतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे यातली बरीच मशीनं कागदोपत्री भंगारात गेली. ती भंगार नाहीत. २ जीबी रॅमवर नीट छाटलेलं लिनक्स आरामात टायपिंग, पीडीएफ, गणित-विज्ञानाचे छोटे प्रोग्रॅम चालवतं, फक्त ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडायची अपेक्षा ठेवू नये.

दुसरं कारण पावसाळा. जून ते सप्टेंबर गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि नेहमीसारखं इन्स्टॉल केलेली सिस्टीम मधेच बंद पडली की फाइल्स खराब व्हायची भीती. इथे तसं होत नाही, कारण अख्खी सिस्टीम स्क्वॉशएफएस नावाच्या एका दाबलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फक्त वाचली जाते, तिच्यात लिहिलं काहीच जात नाही. चालू असताना जे बदल होतात ते ओव्हरलेएफएस रॅममध्ये वरचा थर म्हणून धरून ठेवतं (हे कर्नलमध्ये ३.१८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे). वीज गेली, परत आली, चालू केलं, सिस्टीम जशीच्या तशी. पोरांनी सेटिंग कितीही बिघडवली तरी रीस्टार्ट केलं की सगळं जागच्या जागी, आणि शिक्षकांसाठी हे किती मोठं सुख आहे ते लॅब सांभाळणाऱ्यालाच कळेल.

बनवायची सगळ्यात सरळ वाट डेबियनची. एका फोल्डरमध्ये डीबूटस्ट्रॅप (डेबियनची मूळ सिस्टीम उतरवून मांडणारा प्रोग्रॅम) चालवायचं, व्हेरियंट मिनबेस द्यायचा, म्हणजे अगदी हाडं तेवढी येतात. मग क्रूट करून, म्हणजे त्या फोल्डरलाच सिस्टीम मानून, आत शिरायचं आणि कर्नल, सिस्टमडी (बाकी सेवा सुरू करणारा), लाइव्ह-बूट (पेनड्राइव्हवरून चालू करणारा), ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा), एखादा साधा फाइल मॅनेजर, एडिटर आणि ब्राउझर टाकायचे. इथे अॅप्टला (पॅकेज उतरवणारा प्रोग्रॅम) ‘रेकमेंड्स नको’ हे सांगायला विसरू नये, नाहीतर एक पॅकेज मागितलं की त्याच्यामागून अख्खं वऱ्हाड येतं.

मग छाटणी, आणि खरं डोकं इथेच लागतं. अॅप्टचा कॅश आणि याद्या, मॅन पेजेस, डॉक फोल्डर, नको त्या भाषांची भाषांतरं, हे बिनधास्त काढा, डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये पाथ-एक्सक्लूड लिहिलं की ती पुढच्या इन्स्टॉलला येतही नाहीत, पण पेनड्राइव्ह दुसऱ्यांना वाटणार असाल तर डॉकमधल्या कॉपीराइट फाइल्स राहू द्या, ज्यांनी फुकट दिलं त्यांच्या लायसन्सचा तेवढा मान ठेवायलाच हवा. फर्मवेअरला, म्हणजे हार्डवेअरला लागणाऱ्या छोट्या फाइल्सना, मात्र विचार करून हात लावायचा. लॅबमध्ये एलएसपीसीआय (मशीनमधल्या हार्डवेअरची यादी देणारी आज्ञा) चालवून आधी बघा, सगळीकडे जुनं इंटेल ग्राफिक्स असेल तर एएमडीचं फर्मवेअर जाऊ शकतं, पण रिअलटेक आणि इंटेलच्या वायफायचं काढलं तर नेट नाही म्हणून लोक दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत आणून देतील. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) लहान करायला मॉड्यूल्सच्या जागी ‘डेप’ लिहा असा सल्ला मिळतो, तो एका ठरावीक मशीनसाठी ठीक आहे, पण त्यात बनवणाऱ्याच्या मशीनपुरतेच ड्रायव्हर धरले जातात, मग दुसऱ्या मशीनवर बूट होईल याचा भरवसा राहत नाही. दहा-वीस एमबीसाठी एवढी जोखीम नको.

देवनागरी हा आपला खास मुद्दा, आणि बाहेरच्या हलक्या लिनक्समध्ये नेमका तोच कापला जातो. फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन दिसतात, ते लगेच कळतं. त्याहून वाईट म्हणजे फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवणारं हार्फबझ नाही, तेव्हा डिचोली लिहिलं की पहिली वेलांटी ड च्या उजवीकडे जाऊन बसते, आणि पर्वरीचा रफार सुटून र आणि व वेगवेगळे उभे राहतात. जुन्या एफएलटीके (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वर बनलेल्या चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये हे होतं, म्हणून ग्राफिकल प्रोग्रॅम निवडताना जीटीके किंवा क्यूटी या लायब्ररीवाले घ्यावेत, जागा थोडी जास्त गेली तरी चालेल. फॉन्टसाठी लोहित देवनागरी पुरे, नोटोचं अख्खं पॅकेज टाकलं तर जगभरच्या लिप्या येतात. आणि कीबोर्डसाठी आयबस हा वेगळा प्रोग्रॅम लागतंच असं नाही, इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी एक्सच्या (स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम) लेआउटमध्ये आधीपासून आहे, इंग्रजी-मराठी बदलायला एक शॉर्टकट ठरवून दिला की काम झालं. ग्लिबसी या मूळ लायब्ररीत मराठीसोबत कोकणीचंही लोकेल (भाषेची सेटिंग) आहे, गोव्यासाठी बनवताना दोन्ही ठेवावेत.

सगळं झालं की एमकेस्क्वॉशएफएसनं फोल्डर दाबायचं. दाबायच्या पद्धतींपैकी एक्सझेड निवडलं तर फाइल लहान होते पण उघडायला प्रोसेसरला जास्त कष्ट, म्हणून जुन्या मशीनवर झेडस्टँडर्ड बरं, फाइल जरा मोठी पण प्रोग्रॅम पटकन उघडतात. सिस्टीम चालू करून देणारा बूटलोडर ग्रब, जुन्या बायॉससाठी आणि त्याच्या नव्या रूपासाठी, म्हणजे यूईएफआयसाठी, दोन्ही बसवायचे. काही स्वस्त अॅटमवाल्या नेटबुकमध्ये प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय ३२ बिट असतं, त्यांच्यासाठी ३२ बिटची ईएफआय फाइल वेगळी ठेवावी लागते. खरोखर ३२ बिट असलेल्या जुन्या मशीनसाठी डेबियन १३ उपयोगाचं नाही, त्यात त्यांचा कर्नल आणि इन्स्टॉलर बंद झाला, तिथे अल्पाइन किंवा टायनीकोअरकडे वळावं.

पेनड्राइव्हवर लिहिण्याआधी क्यूईएमयू या आभासी कॉम्प्युटरमध्ये कमी रॅम देऊन आयएसओ एकदा चालवून बघावा. मग आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवणारी डीडी ही आज्ञा, आणि डीडीच्या आधी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके. एलएसबीएलकेच्या यादीत आकार बघा, ४६५ जी दिसतं ती हार्डडिस्क, १४ जी दिसतो तो आपला १६ जीबीचा पेनड्राइव्ह. डीडी काही विचारत नाही, डिस्कच्या नावात चुकीचं अक्षर दिलं की घरातले सगळे फोटो गेले.

लिहिलेलं टिकवायचं असेल, म्हणजे देवस्थान कमिटीचा हिशेब किंवा जत्रेतल्या नाटकाची संहिता, तर पेनड्राइव्हवर उरलेल्या जागेत ईएक्सटी४ पार्टिशन करून त्याला ‘पर्सिस्टन्स’ हे लेबल इंग्रजी अक्षरांत द्यायचं, आत एका ओळीची कॉन्फिग फाइल ठेवायची आणि बूट ओळीत तोच शब्द लिहायचा. वीज गेल्याचा धोका मात्र या पार्टिशनला आहेच, म्हणून महत्त्वाची फाइल दुसरीकडेही ठेवावी. लॅबसाठी उलट ‘टूरॅम’ वापरावं: सगळी सिस्टीम रॅममध्ये जाते, पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशीनला लावता येतो, फक्त दाबलेली फाइल रॅमच्या मानानं लहान हवी, २ जीबीच्या मशीनवर ४००-५०० एमबीपर्यंत ठीक.

एक गोष्ट राहते ती अपडेटची. दाबलेली फाइल बनली त्या दिवशीचाच ब्राउझर तिच्यात राहतो, आणि सुरक्षेचे पॅच तिच्यात आपोआप येत नाहीत. म्हणून सगळी कामं हातानं न करता पॅकेजची यादी आणि छाटणीची पायरी एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी, किंवा हेच काम करणारं डेबियनचं लाइव्ह-बिल्ड वापरावं, म्हणजे शाळेच्या प्रत्येक सत्राआधी नवा आयएसओ बनवून पेनड्राइव्ह पुन्हा भरता येतात.