फ्रेजूसचा लोहमार्ग: एका राज्याने सुरू केलेला, दोन देशांच्या वाट्याला आलेला

२७ ऑगस्ट २०२३ रोजी फ्रान्सच्या मोरिएन खोऱ्यात मोठी दरड कोसळली आणि लियाँहून फ्रेजूस डोंगराखालच्या बोगद्यातून इटलीतल्या तुरिनकडे जाणारा लोहमार्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू व्हायला ३१ मार्च २०२५ उजाडले. मधल्या दीड वर्षाहून अधिक काळात पॅरिस आणि मिलान यांच्यातल्या थेट गाड्या थांबल्या आणि मालवाहतूक दूरच्या मार्गांनी किंवा रस्त्याने वळवावी लागली. युरोपातल्या दोन मोठ्या देशांना आल्प्समधून जोडणारा हा प्रमुख मार्ग एका दरडीने इतका काळ बंद राहू शकतो, याला कारण त्याची पर्यायी वाट अजून तयार नाही. ती का तयार नाही हे समजण्यासाठी १८५७ पासूनचा इतिहास पाहावा लागतो, कारण या मार्गाची बहुतेक दुखणी त्याच्या जन्मापासूनची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या पर्वताच्या दोन्ही पायथ्यांवर एकाच राजाची सत्ता होती. सार्डिनियाच्या राज्याची राजधानी आल्प्सच्या पूर्वेला तुरिनमध्ये होती, तर राजघराण्याचा मूळ मुलूख असलेला फ्रेंचभाषक सव्हॉय पर्वताच्या पश्चिमेला होता. राज्याच्या या दोन भागांमध्ये ये-जा करायची तर २,०८३ मीटर उंचीची मों सनी खिंड ओलांडावी लागे. नेपोलियनच्या काळात तिथे चांगला गाडीरस्ता झाला होता. पण हिवाळ्यात बर्फ पडले की चाकाच्या गाड्या सोडून घसरगाड्यांचा आधार घ्यावा लागे. १८५४ मध्ये तुरिनकडून रेल्वे सूझा गावापर्यंत आली आणि १८५६ मध्ये पलीकडून ती सें-जाँ-द-मोरिएनपर्यंत पोहोचली. मध्ये फक्त पर्वत उरला.

बोगद्याची जागा कोणा नामवंत अभियंत्याने हेरलेली नव्हती. बार्दोनेक्किया गावच्या ज्योझेफ मेदाय याने त्या डोंगरात वर्षानुवर्षे फिरून असे दाखवून दिले होते की, मोदान आणि बार्दोनेक्किया या दोन गावांच्या मध्ये फ्रेजूसच्या पोटाशी पर्वताची जाडी सर्वांत कमी आहे. १८४४ मध्ये तो वारला. त्याच्या योजनेला खरे बळ दिले ते पंतप्रधान काव्हूर यांनी. राज्य लहान होते आणि तिजोरी युद्धांनी पोखरलेली होती, तरीही त्यांनी संसदेकडून मंजुरी मिळवली आणि १८५७ च्या ऑगस्टअखेर राजा व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा याच्या उपस्थितीत मोदानच्या बाजूला पहिला सुरुंग उडाला.

त्या वेळी बारा किलोमीटर लांबीचा बोगदा खणणे हे जवळजवळ अशक्य वाटणारे काम होते. लांब बोगदे खणताना वरून ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडत आणि त्या प्रत्येक विहिरीच्या तळापासून दोन्ही दिशांना खोदकाम करत. इथे डोक्यावर सुमारे १,६०० मीटर खडक होता, त्यामुळे विहिरींचा विचारच करता येत नव्हता. काम करायला दोनच तोंडे होती आणि प्रत्येक तोंडाशी एका वेळी मोजकीच माणसे उभी राहू शकत. पहार, हातोडा आणि सुरुंगाची काळी दारू यांवर पहिली तीन वर्षे गेली, तेव्हा कोणत्याही एका तोंडाकडून हजार मीटरही काम पुरे झाले नव्हते.

ही कोंडी फोडली ती झेर्मां सोमेये या अभियंत्याने, ग्रांदिस आणि ग्रात्तोनी या सहकाऱ्यांच्या साथीने. सोमेये मूळचा सव्हॉयचा, शिकलेला तुरिनमध्ये. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, ती लोखंडी नळांमधून बोगद्याच्या टोकापर्यंत न्यायची आणि तिच्यावर खडकात भोके पाडणारी यंत्रे चालवायची, अशी त्यांची रचना होती. आत वाफेचे यंत्र नेले असते तर धुराने माणसे गुदमरली असती. इथे मात्र यंत्रातून सुटणारी हवाच कामगारांना श्वासासाठी मिळत होती. १८६१ मध्ये बार्दोनेक्कियाच्या बाजूला आणि १८६३ मध्ये मोदानच्या बाजूला ही यंत्रे सुरू झाली. एका गाड्यावर रांगेने बसवलेली छिद्रयंत्रे खडकाच्या तोंडाशी ढकलत नेत, भोके पाडून झाली की गाडा मागे घेत, दारू ठासून सुरुंग उडवत आणि धूर निवळण्याची पुरती वाट न पाहता मजूर राडारोडा उपसायला पुढे सरकत. आतल्या खडकाचे तापमान तीस अंशांच्या आसपास असे आणि बाहेर पडल्यावर तोंडाशी बर्फ. या बोगद्याचे श्रेय देताना यंत्राचे कौतुक भरपूर झाले आहे. त्या उकाड्यात आणि धुरात पाळ्या करणाऱ्या माणसांची नावे मात्र फारशी कुठे लिहिलेली सापडत नाहीत.

काम चालू असतानाच सगळ्यात मोठा बदल घडला, आणि तो पर्वताबाहेर घडला. इटलीच्या एकीकरणात फ्रान्सने केलेल्या मदतीची किंमत म्हणून १८६० मध्ये सव्हॉय आणि नीस हे प्रदेश फ्रान्सला देण्यात आले. राज्याचे दोन भाग जोडण्यासाठी सुरू झालेल्या बोगद्याचे पश्चिमेचे तोंड आता परक्या देशात गेले. सोमेयेचे जन्मगावही त्याबरोबर फ्रान्समध्ये गेले. मग १८६२ मध्ये फ्रान्स आणि सार्डिनियाच्या राज्यातून आकाराला आलेला इटली यांनी करार केला. काम इटलीने पुरे करायचे, फ्रान्सने आपल्या हद्दीतल्या अर्ध्या भागासाठी १ कोटी ९० लाख फ्रँक द्यायचे आणि ठरलेल्या २५ वर्षांपेक्षा जितकी वर्षे वाचतील तितक्या वर्षांचे वाढीव पैसे इटलीला मिळायचे. माझ्या मते या मार्गाच्या इतिहासातली ही सर्वांत निर्णायक घटना आहे. बोगदा सुरू करण्याचे धाडस एका राज्याने केले, कारण निर्णय एकाच राजधानीत होत होता. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय दोन राजधान्यांमध्ये होऊ लागला.

२५ डिसेंबर १८७० रोजी मधला शेवटचा खडक फुटला. दोन्ही बाजूंच्या मोजणीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास निघाला. १७ सप्टेंबर १८७१ रोजी उद्घाटन झाले. काव्हूर दहा वर्षांपूर्वीच गेले होते आणि सोमेयेही त्याच वर्षी जुलैमध्ये वारला होता.

बोगदा पुरा होण्याआधीची तीन वर्षे, १८६८ ते १८७१, खिंडीवरूनच एक विलक्षण रेल्वे धावली. जॉन फेल या इंग्रज अभियंत्याने जुन्या गाडीरस्त्याच्या कडेने ७७ किलोमीटरचा मार्ग टाकला. नेहमीच्या दोन रुळांच्या मधोमध थोडा उंच असा तिसरा रूळ होता आणि इंजिनाची आडवी चाके त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत, त्यामुळे दर बारा मीटरला एक मीटर इतका खडा चढ गाडी चढू शके. बोगदा उघडताच हा मार्ग बंद झाला.

या मार्गाचा मुंबईशीही थेट संबंध आला. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता आणि इंग्लंडहून भारतात येणारी टपाल मुंबई बंदरात उतरत असे. बोगद्यामुळे लंडनची टपाल रेल्वेने फ्रान्समधून मोदानमार्गे इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंदिसी बंदरापर्यंत नेता येऊ लागली आणि तिथून पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी पूर्वेकडे. आधी ती मार्सेलहून बोटीत चढत असे. ब्रिंदिसीमुळे समुद्रप्रवासातले दिवस वाचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई-पुण्याला पोहोचलेली विलायतेची कितीतरी पत्रे फ्रेजूसच्या पोटातून आलेली होती. खंडाळ्याचा घाटही याच काळातला, १८६३ मध्ये पुरा झालेला. त्याच्या सदतीस मीटरला एक मीटर या चढाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना मोदानच्या दोन्ही अंगांच्या वाटांचा त्रास चटकन कळेल, कारण तिथला चढ काही ठिकाणी त्याहूनही खडा, हजार मीटरला तीस मीटरच्या घरात आहे.

बोगदा सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथवर चढून जाणे व पलीकडे उतरणे हाच या मार्गाचा कायमचा बोजा ठरला. जड मालगाड्यांना जादा इंजिने लावावी लागत. १८८२ मध्ये गोठार्ड आणि १९०६ मध्ये सिंप्लॉन असे स्वित्झर्लंडमधले बोगदे खुले झाल्यावर बरीच वाहतूक तिकडे वळली.

याच उतारावर १२ डिसेंबर १९१७ च्या रात्री फ्रान्सच्या इतिहासातला सर्वांत भीषण रेल्वे अपघात झाला. इटलीच्या आघाडीवरून नाताळच्या रजेवर घरी निघालेले फ्रेंच सैनिक मोदानला पोहोचले. इंजिनांची टंचाई होती म्हणून एकोणीस डब्यांची लांब गाडी एकाच इंजिनाला जोडली गेली. हवेवर चालणारे ब्रेक फक्त पहिल्या तीन डब्यांना होते. बाकीच्यांना हाताने आवळायचे ब्रेक किंवा तेही नाही. चालकाने गाडी न्यायला नकार दिला होता, पण लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमापुढे त्याचे काही चालले नाही. उतारावर गाडी हाताबाहेर गेली, सें-मिशेलजवळ रुळावरून घसरली आणि लाकडी डब्यांनी पेट घेतला. चारशेहून अधिक सैनिक मेले. युद्धकाळ असल्याने वर्तमानपत्रांत या घटनेला जेमतेम जागा मिळाली. आघाडीवरून जिवंत सुटलेली ही माणसे गेली ती कोणत्याही शत्रूमुळे नव्हे, तर चढ-उतार जाणणाऱ्या माणसाचे म्हणणे बाजूला सारल्यामुळे, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात ही सीमाच आघाडी झाली. जून १९४० मध्ये इटलीने याच आल्प्समधून फ्रान्सवर हल्ला केला. १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी मोदानवर बाँब टाकले आणि १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मोदानच्या बाजूला मोठे स्फोट घडवले. त्यात उचलून तिरकी झालेली काँक्रीटची एक चौकी तिथे आजही कललेल्या अवस्थेत उभी आहे. युद्धानंतर मार्ग सावरला. वीज युद्धाआधीच आली होती, पण दोन देशांची वीज दोन प्रकारची राहिली: मोदानपर्यंत फ्रान्सची १,५०० व्होल्टची आणि पुढे इटलीची ३,००० व्होल्टची.

१९८० मध्ये त्याच पर्वताखालून मोटारींचा फ्रेजूस बोगदा खुला झाला आणि माल रस्त्यावर गेला. ट्रकला इंजिन बदलावे लागत नव्हते. शिवाय जुन्या लोहबोगद्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही मार्ग एकाच नळीत आहेत, त्यामुळे आजच्या सुरक्षेच्या निकषांपुढे तो अपुरा पडतो. रस्त्याचा पर्यायही निर्धोक नव्हता: १९९९ मध्ये मों ब्लां रस्ताबोगद्यात लागलेल्या आगीत ३९ जण दगावले आणि २००५ मध्ये फ्रेजूसच्या रस्ताबोगद्यातही आग लागून दोघांचा जीव गेला.

जानेवारी २००१ मध्ये फ्रान्स आणि इटली यांनी तुरिनमध्ये करार करून पर्वताच्या तळाशी नवा बोगदा काढायचे ठरवले. सें-जाँ-द-मोरिएन ते सूझा असा हा ५७.५ किलोमीटरचा, दोन स्वतंत्र नळ्यांचा बोगदा आहे आणि त्यातला सुमारे ४५ किलोमीटरचा भाग फ्रान्सच्या जमिनीखाली येतो. तरीही २०१२ च्या करारानुसार युरोपीय संघाचे अनुदान वगळता उरलेल्या खर्चात इटलीचा वाटा ५७.९ टक्के आणि फ्रान्सचा ४२.१ टक्के ठरला, कारण फ्रान्सला आपल्या हद्दीत लांबलचक जोडमार्ग बांधायचे आहेत. १८६२ मध्ये फ्रान्सने अर्ध्याचे पैसे द्यायचे ठरले होते. दीडशे वर्षांनी वाटणीचा तोच प्रश्न नव्या आकड्यांत मांडला गेला.

इटलीच्या सूझा खोऱ्यात याला नव्वदच्या दशकापासून विरोध आहे. तिथे आधीच एक रेल्वे, एक द्रुतगती महामार्ग आणि नदी दाटीवाटीने बसली आहेत. खडकातले ॲस्बेस्टस आणि आटणारे झरे यांची लोकांना धास्ती आहे. डिसेंबर २००५ मध्ये व्हेनाउस गावात आणि २०११ मध्ये किओमोंते इथे आंदोलक आणि पोलीस यांच्यात मोठ्या चकमकी झाल्या. जुना मार्ग पुरेसा रिकामा असताना नवा कशाला, हा आंदोलकांचा प्रश्न टाकाऊ नाही. पण जुना मार्ग रिकामा का झाला याचे उत्तर त्याच्या चढात आहे, असे मला वाटते. नवा बोगदा २०३३ च्या सुमारास खुला करण्याचे नियोजन आहे. लियाँपासून त्या बोगद्याच्या तोंडापर्यंतच्या फ्रान्समधल्या जोडमार्गांचा निर्णय मात्र पॅरिसमध्ये वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला आहे.