भिंतीवरचा हुशार खटका

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी घराची ऊब सांभाळणारा भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट काढून त्या जागी वाय-फायवर चालणारा नवा बसवला. जुन्या डबीमागे भिंतीतून दोनच तारा जोडलेल्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. नव्या यंत्राच्या पाठीवर मात्र जोडणीसाठी छिद्रांची रांगच होती. पत्रकात सांगितल्याप्रमाणे दोन तारा दोन छिद्रांत खोचल्या, पडदा उजळला, तळघरातली फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, सुरू झाली आणि मी निर्धास्त झालो. जानेवारीतल्या सर्वांत थंड रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, तो पडदा काळा पडला आणि त्याच्याबरोबर घरातली ऊबही गेली. यंत्र बिघडलेले नव्हते, त्याची बॅटरी उतरली होती. ती नेमकी त्याच रात्री का उतरली याचे उत्तर त्या दोन तारांत होते. ते समजल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे की स्मार्ट थर्मोस्टॅट घेताना दुकानात त्याचा पडदा पाहण्याआधी आपली भिंत आणि आपली फर्नेस पाहावी.

थर्मोस्टॅट म्हणजे मुळात एक खटका. आपल्याकडच्या इस्त्रीत तो असतोच. इस्त्री पुरेशी तापली की टक् असा आवाज होऊन दिवा विझतो आणि ती निवली की पुन्हा लागतो. अमेरिकेतल्या अनेक घरांत फर्नेस गॅस जाळून हवा तापवते, पंखा ती हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या रुंद नळांतून, खोल्याखोल्यांत पोहोचवतो आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट त्या फर्नेसला ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच सांगतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथे शिकवणारे वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीसाठीच्या विजेवरच्या थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. त्याआधी शिपायाने वर्गावर्गांत डोकावून थंडी-उष्मा पाहायचा आणि तळघरात जाऊन झडपा उघडायच्या किंवा लावायच्या, अशी पद्धत होती. पुढे १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस यांच्या आराखड्याचा गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. तो अमेरिकेतल्या जुन्या घरांत अजूनही भिंतीवर दिसतो.

त्या गोल डबीचे झाकण काढून पाहिले तर आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली धातूची पट्टी दिसते. ती दोन धातूंचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तापमान बदलले की गुंडाळी घट्ट किंवा सैल होते. तिच्या टोकाला काचेची छोटी कुपी आणि कुपीत पाऱ्याचा एक थेंब असतो. कुपी कलली की थेंब घरंगळतो, दोन टोके जोडली जातात आणि फर्नेसला विजेचा संदेश जातो. मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पट्टीजवळ बसवलेली एक बारीकशी तापतार. फर्नेस बंद झाल्यावरही तिच्या पोटातली उष्णता काही वेळ घरात येतच राहते, म्हणून ठरवलेल्या अंशापर्यंत थांबले तर घर जास्त तापणार. ही तार पट्टीला आधीच थोडी ऊब देते आणि खटका वेळेपूर्वी पडतो. एखादे घर तापायला किती वेळ घेते हे शिकून पहाटे त्या हिशोबाने फर्नेस सुरू करणे, असे ज्याचे आज कौतुक होते, त्याचे बीज या तारेत होते. असा जुना थर्मोस्टॅट काढला तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पारा विषारी असतो आणि अशा वस्तू स्वीकारणारी वेगळी केंद्रे असतात.

खटका ही कल्पना इतकी सोपी असूनही माणसे तिला गॅसच्या शेगडीचे बटण समजून वागवतात. विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांशी बोलून त्याने दाखवले की बरेच जण थर्मोस्टॅटला तोटीसारखे समजतात, म्हणजे जास्त फिरवला तर जास्त उष्णता येणार असे मानतात. मीही त्यांतलाच होतो. बाहेरून कुडकुडत आल्यावर मी काटा थेट ८० अंश फॅरनहाइटवर नेत असे. साध्या फर्नेसला मात्र ६८ आणि ८० यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही वेळा तेवढ्याच जोमाने जळते, फक्त ८० वर ठेवल्यास ६८ला थांबत नाही, आणि मग अर्ध्या तासाने घरातली माणसे खिडकी उघडतात.

पैसे वाचतात ते कशामुळे, हे नीट पाहण्यासाठी तळाला भोक पडलेला रांजण डोळ्यांसमोर आणावा. पाण्याची पातळी कायम राखायची तर जेवढे गळते तेवढेच ओतावे लागते, आणि पातळी जितकी उंच तितकी गळती जोरात. (पाण्याची गळती उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि घराची उष्णता मात्र साधारणपणे आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या सरळ प्रमाणात जाते, पण रांजणाला एवढे माफ करावे.) बाहेर ० अंश सेल्सिअस आणि आत २० आहे असे धरू. रात्री आठ तास आतले तापमान १६वर ठेवले तर त्या आठ तासांत फरक २० ऐवजी १६ राहतो, म्हणजे गळती एक पंचमांशाने कमी होते. आठ तास हा दिवसाचा तिसरा भाग, तेव्हा दिवसभराची बचत एक पंधरांश, सुमारे पावणेसात टक्के. प्रत्यक्षात ती याहूनही कमी भरते, कारण फर्नेस थांबल्याक्षणी घर १६वर उतरत नाही. गमतीचा भाग असा की उत्तम उष्णतारोधन असलेले घर रात्रभरात दोनच अंश उतरते. अशा घराला थर्मोस्टॅटच्या हुशारीचा फारसा उपयोगच नसतो, कारण त्याच्या रांजणाचे भोक आधीच बुजवलेले असते.

हाच हिशोब मिनेसोटातल्या उणे १५ अंशांच्या रात्रीसाठी केला तर फरक ३५ ऐवजी ३१ होतो आणि दिवसाची बचत चार टक्क्यांच्याही खाली येते. वाचलेली उष्णता दोन्हीकडे सारखीच आहे, फक्त मिनेसोटाचे बिल मोठे असल्यामुळे टक्का लहान दिसतो. म्हणून खोक्यावर छापलेल्या टक्केवारीवर विश्वास ठेवण्याआधी ती कुठल्या हवेतली आणि कशाच्या तुलनेत, हे विचारावे. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांना चिन्ह देणारा अमेरिकी सरकारचा एनर्जी स्टार कार्यक्रम स्मार्ट थर्मोस्टॅटपासून गरम-थंड करण्याच्या खर्चात सरासरी सुमारे ८ टक्के बचत होते असे सांगतो. जो माणूस रोज झोपताना स्वतःच काटा खाली करतो त्याच्या वाट्याला यातले जवळपास काहीच येत नाही. या कार्यक्रमाचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. वेळापत्रक घालता येणाऱ्या जुन्या थर्मोस्टॅटना दिलेले चिन्ह त्याने २००९ च्या अखेरीस मागे घेतले, कारण सोय असूनही लोक ती वापरत नव्हते. २०११ मध्ये आलेल्या नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटसारख्या यंत्रांनी आपल्या सवयी टिपून वेळापत्रक स्वतः बनवायला सुरुवात केली ती याच आळसावर तोडगा म्हणून.

थंड पडलेले घर पुन्हा तापवायला वाचवल्यापेक्षा जास्त गॅस लागतो, हा समज मी मराठी मंडळातल्या जेवणावळींतही अनेकदा ऐकला आहे. गॅसच्या साध्या फर्नेसपुरता तो चुकीचा आहे. सकाळी रांजण भरायला जे जादा पाणी लागते ते रात्री पातळी उतरताना न ओतलेलेच पाणी असते. मधल्या वेळात गळती कमी झाली तो निव्वळ फायदा. हीट पंपाच्या बाबतीत मात्र या समजात तथ्य आहे. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो आणि एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो. पहाटे एकदम पाच-सहा अंश फॅरनहाइट चढवायला सांगितले की तो मागे पडतो आणि थर्मोस्टॅट मदतीला विजेच्या तापपट्ट्या लावतो, ज्या एका युनिटला एकच युनिट देतात. रात्रीची सगळी बचत त्या तासाभरात जाऊ शकते. अशा घरात रात्रीची उतरण दोन-तीन अंशांचीच ठेवावी, आणि ठरावीक बाहेरच्या तापमानाच्या वर या पट्ट्या लागूच नयेत अशी सोय ज्या यंत्रात आहे तेच घ्यावे. बसवतानाही एक खुबी लक्षात ठेवावी लागते. पंपाची दिशा उलटवणारी झडप काही कंपन्यांच्या पंपांत थंड करताना चालू होते आणि काहींच्या गरम करताना. ही नोंद चुकली तर ऊब मागितल्यावर घरात गार वारा येतो.

आता त्या दोन तारांकडे वळू. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट वीज देतो. लाल तारेने ती थर्मोस्टॅटपर्यंत येते आणि खटका जोडला गेला की पांढऱ्या तारेने फर्नेसकडे परतते. जुन्या पाऱ्याच्या खटक्याला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती. नव्या यंत्राला पडदा, वाय-फाय आणि संगणक पोसायचा असतो, म्हणून सतत परतीची वाट देणारी तिसरी तार लागते. तिला ‘सी’ तार म्हणतात. ती नसेल तर काही यंत्रे पांढऱ्या तारेतूनच फर्नेसला कळणार नाही इतका थोडा प्रवाह चोरून बॅटरी भरतात. ही चोरी खटका उघडा, म्हणजे फर्नेस बंद, असतानाच नीट साधते, कारण तो जोडला गेला की त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजच उरत नाही. कडाक्याच्या थंडीत फर्नेस जवळजवळ अखंड चालते, चोरीला वेळच मिळत नाही आणि बॅटरी उतरते. ज्या रात्री घराला ऊब सर्वाधिक हवी असते त्याच रात्री यंत्र उपाशी राहते.

सकाळी मी फर्नेसची वीज मुख्य पेटीतून बंद करून थर्मोस्टॅटची भिंतीवरची पट्टी काढली, तेव्हा केबलच्या करड्या आवरणाभोवती गुंडाळून ठेवलेली एक निळी तार दिसली. कोणीतरी पूर्वी तीन तारांची केबल टाकून दोनच वापरल्या होत्या. तिचे एक टोक तळघरात फर्नेसच्या ‘सी’ला आणि दुसरे थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला जोडले, एवढ्यावर प्रश्न मिटला. अशी जादा तार सर्वांच्या नशिबी नसते; मग नवी केबल ओढावी लागते किंवा फर्नेसपाशी जोडायचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो. वीज बंद न करता हे करू गेल्यास लाल आणि निळी तार एकमेकींना टेकते आणि फर्नेसच्या बोर्डावरचा मोटारीत असतो तसा छोटा फ्यूज उडतो. भिंतीमागे जाड तारा आणि १२० किंवा २४० व्होल्ट दिसले, म्हणजेच खोलीत भिंतीलगतचे विजेचे हीटर असले, तर हे २४ व्होल्टचे यंत्र तिथे मुळीच लावू नये. त्यासाठीचे थर्मोस्टॅट वेगळे मिळतात.

जागेचीही गोष्ट आहे. थर्मोस्टॅटला फक्त स्वतःभोवतीची हवा कळते, म्हणून तो आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, ऊन, स्वयंपाकघर आणि डक्टच्या तोंडापासून दूर असावा. तारा येतात त्या भोकातूनही भिंतीच्या पोकळीतला गार वारा थेट यंत्राच्या पाठीवर येतो आणि त्याला घर आहे त्याहून थंड वाटते. थोडी पुट्टी लावून ते बुजवावे.

आणखी एक गोष्ट विकत घेताना दिसत नाही. ही यंत्रे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा अ‍ॅपद्वारे होणारा वापर गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केला. ती यंत्रे भिंतीवर हाताने चालतात, पण फोनवरून नाहीत. गोल डबी पन्नास वर्षे टिके, हे आठवून मी तरी महागातले महाग यंत्र घेणार नाही.

फोनवरून घर पाहता येण्याचा खरा उपयोग आमच्यासारख्यांना डिसेंबरात होतो, जेव्हा तीन आठवडे पुण्याला जायचे असते. तेव्हा थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नये, नाहीतर नळ गोठून फुटण्याची भीती असते. तापमान घसरले की फोनवर इशारा येईल अशी सोय करून ठेवावी. मात्र तो आकडा दिवाणखान्यातल्या भिंतीचा असतो, बाहेरच्या भिंतीतल्या नळाचा नव्हे, म्हणून सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवून निघावे. आणि वादळात वीज गेली तर वाय-फायही जाते, इशारा येतच नाही. त्यासाठी आम्ही शेजारच्या आजींकडे किल्ली देऊन जातो.