उपकरणांचा ताफा आणि क्लाउड: मागची पंचवीस वर्षं

हजारो मीटर, सेन्सर, पंप एकाच जागेवरून सांभाळायचे ठरलं की ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस आयओटी (आयओटी म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं) घ्यावं, मायक्रोसॉफ्टचं अझुर आयओटी हब घ्यावं की थिंग्जबोर्डसारखं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतः चालवावं, हा प्रश्न उभा राहतो. तुलनेच्या तक्त्यांत सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे तक्ता बाजूला ठेवून आधी थोडा इतिहास पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

१९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांना तेलाच्या पाइपलाइनवरची यंत्रणा उपग्रहामार्फत जोडायची होती. उपग्रहाचा दुवा महाग, त्यामुळे निरोप जेवढा आटोपशीर तेवढा बरा. या गरजेतून एमक्यूटीटी आलं: छोटे निरोप धाडण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम. २०१४ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ते मानक म्हणून स्वीकारलं आणि आज जवळजवळ प्रत्येक प्लॅटफॉर्म ते बोलतो. दुरून ताफा सांभाळण्याची कल्पनाही क्लाउडची नाही. घरोघरच्या ब्रॉडबँड मॉडेमसाठी टीआर-०६९ हा प्रोटोकॉल २००४ मध्येच आला होता.

मोठ्या कंपन्या उतरल्या त्या २०१५ च्या सुमारास. ॲमेझॉनने त्या वर्षी टूलेमेट्री ही कंपनी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये एडब्ल्यूएस आयओटी जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टचं आयओटी हब २०१६ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुलं झालं. दोघांनीही एकाच अडचणीवर सारखंच उत्तर शोधलं. उपकरण झोपलेलं असेल, रेंजबाहेर असेल, तर त्याला आज्ञा द्यायची कशी? क्लाउडमध्ये त्याची एक प्रत ठेवायची. तिच्यात हवी असलेली स्थिती आणि उपकरणाने कळवलेली स्थिती शेजारी शेजारी असतात. उपकरण जागं झालं की दोन्हींतला फरक स्वतः भरून काढतं. ॲमेझॉन याला शॅडो म्हणतं, मायक्रोसॉफ्ट ट्विन. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे.

२०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन डिन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला चढवला. बेवारस ताफ्याचं काय होतं, हे त्यातून जगाने पाहिलं. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने घाऊक नोंदणी आणि दुरून अपडेट पाठवण्यासाठी वेगळी सेवा काढली.

गूगलची अशीच सेवा असलेलं आयओटी कोअर फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्ण रूपात आलं आणि १६ ऑगस्ट २०२३ ला बंद झालं. त्याच वर्षी डिसेंबरात, जिथे एमक्यूटीटी जन्मलं त्या आयबीएमनेही वॉटसन आयओटी प्लॅटफॉर्म गुंडाळला. गूगलने वर्षभराची सूचना दिली होती, तरी काम सोपं नव्हतं. सर्व्हरचा पत्ता आणि सर्व्हर खरा आहे हे ओळखण्यासाठीची रूट प्रमाणपत्रं फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेली असतील, तर जुनी सेवा चालू आहे तोवरच प्रत्येक उपकरणाला नवं फर्मवेअर पोहोचवावं लागतं. त्या काळात जे उपकरण एकदाही जागं झालं नाही, त्याच्यापाशी माणूस पाठवण्याखेरीज इलाज राहत नाही. आणि भिंतीवर बसवलेला मीटर तर दहा-पंधरा वर्षं चालावा अशी अपेक्षा असते.

म्हणून मी तुलनेत दरांच्याही आधी पत्ता पाहतो. एडब्ल्यूएस आयओटीमध्ये स्वतःचं डोमेन लावता येतं, त्यामुळे उद्या ते नाव दुसऱ्या ब्रोकरकडे (निरोप पोहोचवणाऱ्या सर्व्हरकडे) वळवता येतं. आयओटी हबचा पत्ता मायक्रोसॉफ्टच्याच डोमेनवर असतो.